माऊनहून आलेला पाहुणा

अतुल वैरागडे ग्रोसरीच्या रांगेत उभा होता तेव्हा त्याच्या फोनवर मेसेज आला. ‘सर, मी पुढच्या आठवड्यात डॅलसला येतोय. पर्यटनाचं प्रदर्शन आहे. त्यानंतर काही दिवस मोकळा आहे. ह्यूस्टनला आलास तर आमच्याकडेच उतर, असं तुम्ही म्हणाला होतात. मोथुसी.’

म्हणाला होता तो, त्यात खोटं काही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात बोट्स्वानातल्या सफारीच्या शेवटच्या दिवशी, माऊनच्या विमानतळावर निरोप घेताना अतुलने त्याला मिठीच मारली होती. मोथुसी त्यांचा गाइड. आठवडाभर त्याने अतुल, त्याची बायको सीमा आणि मुलगी अनिका या तिघांना उघड्या जीपमधून रानात हिंडवलं. तिकडे तेव्हा हिवाळा, पहाटे कडाक्याची थंडी असायची, तेव्हा अनिकाच्या मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणून ठेवायचा. सीमाचं शाकाहारी जेवण कॅम्पच्या आचाऱ्याकडून वेगळं करून घ्यायचा. एकदा एक हत्तीण कान फुलवून थेट जीपवर आली, तेव्हा इंजिन बंद ठेवून तो शांतपणे म्हणाला होता, “हलू नका. ती फक्त विचारतेय, तुम्ही कोण म्हणून.” मराठी मंडळाच्या प्रत्येक पार्टीत अतुल ही गोष्ट रंगवून सांगत असे. त्या माणसाच्या हाती आपण तिघांचे जीव दिले होते, असं शेवटी म्हणत असे.

पण ‘आमच्याकडेच उतर’ हे बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य होतं. ते ऐकून कोणी खरंच येत नाही.

“येऊ दे की,” घरी आल्यावर सीमा म्हणाली. “गेस्ट रूम रिकामीच आहे.”

“ओ माय गॉड, मोथुसी इज कमिंग?” अनिका सोफ्यावरून उडालीच. ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होती आणि हल्ली तिला उडवेल अशी फारशी गोष्ट उरली नव्हती.

अतुलने ‘वेलकम’ असं लिहून पाठवलं आणि तेवढ्यात त्याच्या मनात पहिला किंतु आला. का येतोय हा?

हा प्रश्न त्याच्या स्वभावात होता आणि नोकरीतही. एका तेलकंपनीत तो सेफ्टी इंजिनीअर होता. कुठला व्हॉल्व्ह कधी दगा देईल, कुठला पाइप कुठून गळेल, याचा आधीच वाईटात वाईट विचार करून ठेवायचा त्याला पगार मिळायचा. एवढी वर्षं ते काम केल्यावर माणूस घरी आल्यावर वेगळा विचार करू लागत नाही.

डॅलसहून येणाऱ्या बसमधून मोथुसी उतरला, तेव्हा अतुलने त्याला चटकन ओळखलंच नाही. खाकी कपडे, मोठी टोपी, दुर्बीण, यातलं काहीच नव्हतं. पांढरा शर्ट, काळी पँट आणि पॉलिश केलेले काळे बूट घातलेला, पस्तिशी ओलांडलेला एक बारीकसा माणूस समोर उभा होता. जवळ दोन बॅगा. अतुलने मोठी बॅग उचलायला हात पुढे केला, तर मोथुसीने ती झटकन आपल्याकडे ओढून घेतली.

“ही नको, सर. ही मी घेतो.”

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला घरी पोहोचेपर्यंत अतुलच्या डोक्यात ती बॅगच होती.

मोथुसीने घरात सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. सीमाला विणलेली टोपली, अनिकाला बांगडी, अतुलला लाकडी गेंडा. जेवायला सीमाने वरण-भात, भरली वांगी केली होती. तो मनापासून जेवला, कौतुक केलं, ताट स्वतः धुतलं. पण डॅलसच्या प्रदर्शनाबद्दल विचारलं तेव्हा “चांगलं झालं” एवढंच म्हणाला. इथे काय काय बघायचंय, असं विचारलं तर म्हणाला, “शहर बघेन.”

“स्पेस सेंटर बघ,” अतुल म्हणाला. “शनिवारी मी नेतो.”

“बघू, सर.”

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळीच बाहेर पडू लागला. दारावरच्या कॅमेऱ्यातून अतुलला ऑफिसात फोनवर सगळं दिसायचं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला मोथुसी दार ओढून घेतो, कडी बसली की नाही ते पाहतो आणि चालायला लागतो. शुगर लँडमध्ये मे महिन्यात चालतं कोण? सकाळी नऊ वाजता हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. माणसं गॅरेजमधून गाडीत आणि गाडीतून एसीत. चालणारा माणूस दिसला तर त्याची गाडी बिघडली असावी असंच लोक समजतात.

संध्याकाळी तो घामाने निथळून परत यायचा, बुटांवर धूळ असायची. “काय पाहिलंस आज?” असं अतुल रोज विचारायचा. “शहर,” असं उत्तर रोज मिळायचं. मग तो अंगणात उभा राहून फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलायचा आणि कोणी बाहेर आलं की बोलणं थांबवायचा.

अतुलने ते डॅलसचं प्रदर्शन नेटवर शोधून काढलं. ते खरंच झालं होतं, मोथुसीच्या कॅम्पचं नावही तिथे होतं. बरोबर आलेले दोन गाइड कधीच परत गेले होते. त्यांनी विमानतळावर काढलेला फोटोही अतुलने पाहिला.

“सीमा, हा परत जाणार नाही,” भाजी चिरणाऱ्या बायकोला तो म्हणाला. “हा इथे काम शोधतोय. व्हिसा संपेल आणि हा गायब होईल. आणि उतरायचा पत्ता म्हणून एअरपोर्टवर याने कोणाचा पत्ता दिला असेल? आपला!”

“तसं असेल तर विचार ना त्याला सरळ.”

“असं कसं विचारणार?”

“मग असा संशय तरी कसा घेतोस?”

सरळ विचारणं अतुलला जमणार नव्हतं. म्हणून शनिवारी दुपारी मोथुसी बाहेर गेल्यावर तो एसीचा फिल्टर बदलायच्या निमित्ताने गेस्ट रूममध्ये शिरला. पलंगावरची चादर ताणून घातलेली, कपड्यांच्या घड्या एकावर एक. ती मोठी बॅग कोपऱ्यात होती आणि चेन अर्धी उघडी. अतुलने वाकून पाहिलं. आत चिकटपट्टीने घट्ट बंद केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. एकीला त्याने हळूच बोट लावून पाहिलं. आत करडट पांढरी पूड होती.

सीमा फार्मसीतली ड्यूटी संपवून येईपर्यंत तो तीनदा पाणी प्यायला. ती आल्या आल्या तो तिला हाताला धरून आत घेऊन गेला.

“दुसऱ्याची बॅग उघडलीस तू?” ती आधी भडकली. मग मात्र तीही वाकली. पिशवी हातात घेऊन तिने दाबून पाहिली, चिकटपट्टीपाशी नाक नेलं आणि अतुलकडे वळून पाहिलं.

“ज्वारीचं पीठ आहे, अतुल.”

“काहीतरीच. ज्वारीचं पीठ कोण आणतं अमेरिकेत?”

“तुझी आई आणत नव्हती?”

अतुल ओशाळला, पण तेवढ्यापुरताच. जेवणाच्या टेबलाशी बसता बसता त्याला नवा प्रश्न सुचला होता. “पण मग एवढं पीठ आणलंय कोणासाठी? आपल्याला तर दिलं नाही. म्हणजे इथे याचं दुसरं कोणीतरी आहे. आणि ते हा आपल्यापासून लपवतोय.”

या वेळी सीमालाही ते खटकलं.

सोमवारी अतुल मीटिंगमध्ये असताना फोन थरथरला. दारावरच्या कॅमेऱ्यात पोलीस अधिकारी उभा होता आणि त्याच्या बाजूला मोथुसी, दोन्ही हात शरीरापासून किंचित लांब, दिसतील असे धरून. अतुल मीटिंग सोडून बाहेर पळाला.

“सर, हे गृहस्थ या घरात राहतात असं म्हणतायत,” अधिकारी कॅमेऱ्याकडे बघून सभ्यपणे म्हणाला. “कॉलनीतल्या तळ्याच्या काठाने अनोळखी माणूस फिरतोय, असा आम्हाला फोन आला होता. तुम्ही यांना ओळखता?”

अतुलने तोंड उघडलं, पण शब्द लगेच आले नाहीत. ओळखतो का मी याला? क्षणभराचाच उशीर झाला असेल. पण त्या क्षणात छोट्याशा पडद्यावर मोथुसीने मान वर करून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं.

“हो,” अतुल म्हणाला. “हो, हो. तो माझा पाहुणा आहे. आमच्याकडेच राहतो.”

अधिकारी माफी मागून गेला. मोथुसी आत गेला. अतुल कॉरिडॉरमध्ये फोन धरून तसाच उभा राहिला.

फोन कोणी केला ते घरी आल्यावर कळलं. अनिकाने मोबाइल त्याच्यापुढे आदळला. कॉलनीच्या ग्रुपवर समोरच्या प्रतापरावांनी मोथुसीचा पाठमोरा फोटो टाकला होता. ‘हा माणूस बरेच दिवस इथे हिंडतोय. कोणी ओळखतं का? सावध राहा.’ खाली पन्नासेक प्रतिक्रिया.

“बाबा, से समथिंग! ही हॅड टू स्टँड देअर लाइक अ क्रिमिनल!”

अतुलने प्रतापरावांना फोन लावला. “प्रतापराव, तो आमचा पाहुणा आहे हो. आमचा सफारीचा गाइड.”

“अरे बापरे! तुमचा होय?” प्रतापराव खरोखरच गडबडले. “अहो, आधी सांगायचं ना. मला वाटलं...”

“काय वाटलं?”

“तेच हो. कोणालाही वाटेल ते.”

अतुलला खूप काही बोलायचं होतं. पण ‘कोणालाही’ या शब्दात आपणही बसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, फोटो काढून टाकायला लावला आणि अंगणात गेला.

मोथुसी झोपाळ्यावर बसला होता. बूट काढून बाजूला ठेवलेले.

“मोथुसी, मला माफ कर,” अतुल म्हणाला. “आणि आता खरं सांग. तू रोज कुठे जातोस?”

मोथुसीने एक बूट उचलून त्यावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, “बायकोला शोधतोय, सर.”

तिचं नाव लोराटो. ती नर्सिंग शिकलेली. तीन वर्षांपूर्वी एका एजन्सीने तिला टेक्ससमधल्या वृद्धाश्रमात नोकरी दिली. सुरुवातीला रोज फोन, मग आठवड्याला, मग कधीतरी. गेल्या नाताळानंतर तिचा नंबरच बंद झाला. तिने दुसरा घरोबा केला असं मोथुसीची आई म्हणायला लागली, मग भाऊ, मग सगळं गाव. प्रदर्शनाला कोणाला पाठवायचं असा प्रश्न आला तेव्हा त्याने मालकाच्या हातापाया पडून आपलं नाव घालून घेतलं होतं. इथे आल्यावर तो तिच्या जुन्या पत्त्यावर गेला, तिथे दुसरेच लोक होते. मग आफ्रिकन दुकानं पालथी घातली, चर्चमधून विचारपूस केली. काल एका झिंबाब्वेच्या बाईने सांगितलं की लोराटो बोमाँटला असते, तिथल्या एका वृद्धाश्रमात.

“मला आधीच का नाही सांगितलंस?”

“तुम्ही मला जीपमध्ये पाहिलंय, सर. तिथे सगळे मला विचारतात आणि मी सांगतो.” तो जरासा हसला. “बायको कुठे आहे हे ज्याला माहीत नाही, असा माणूस म्हणून तुमच्या घरी कसा येऊ?”

अतुलने गुरुवारी सुट्टी टाकली.

बोमाँट पूर्वेला, दोन तासांच्या वर. सीमाने बरोबर डबा दिला होता, तो वाटेत कोणी उघडला नाही. भाताची शेतं मागे पडत होती आणि पिठाची बॅग मोथुसीच्या पायाशी होती. वृद्धाश्रम म्हणजे महामार्गालगतची एक बसकी विटांची इमारत. दुपारची पाळी सुटायची वेळ झाली होती. अतुलने गाडी एका झाडाखाली लावली.

“आत जाऊन विचारू या का?”

“नको,” मोथुसी म्हणाला. “इथेच थांबू.”

दोघं काचा वर करून, दाराकडे डोळे लावून बसले. निळ्या कपड्यातल्या बायका एकेक करून बाहेर पडत होत्या. एकदम मोथुसी ताठ झाला. जाडसर, उंच, केस बारीक कापलेली एक बाई हातात किल्ल्या घेऊन चालत येत होती. तो गाडीतून उतरला. अतुलही, काय करावं न कळून, मागोमाग उतरला.

लोराटोने नवऱ्याला पाहिलं आणि ती जागीच थांबली. तिचा चेहरा आधी उजळला. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, काळ्या मोठ्या गाडीवर, गॉगल लावलेल्या अतुलवर, त्याच्या कमरेवर. ती दोन पावलं मागे सरली आणि त्यांच्या भाषेत चढ्या आवाजात काहीतरी बोलली. अतुलला त्यातला एकच शब्द कळला, ‘इमिग्रेशन’.

त्याने खाली पाहिलं. सवयीने त्याने कंपनीचा बिल्ला पट्ट्याला अडकवला होता.

“नाही, नाही!” त्याने घाईघाईने बिल्ला काढून तिच्यापुढे धरला. “मी तेलकंपनीत आहे. मोथुसी माझ्याकडे राहतो. मी फक्त गाडी चालवायला आलोय.”

तिने लांबूनच बिल्ला वाचला. तिचा विश्वास बसला नाही, हे स्पष्ट दिसत होतं. अतुलने फोन काढून सफारीचे फोटो दाखवायला सुरुवात केली. हत्ती, सीमा, जीप, मोथुसीची टोपी घातलेली अनिका. त्या फोटोवर लोराटो थांबली.

“ही टोपी मी आणली होती त्याला,” ती इंग्रजीत म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

अतुल गाडीत जाऊन बसला. ती दोघं इमारतीजवळच्या बाकावर बराच वेळ बोलत होती. एकदा ती ओरडली. एकदा तो उठून लांब गेला आणि परत आला. शेवटी तिने ती बॅग उचलली, गाडीशी येऊन “थँक यू, सर” म्हणाली आणि गाडीचा नंबर एकदा नीट बघून घेऊन निघून गेली.

परतीच्या वाटेवर मोथुसीने थोडं थोडं सांगितलं. एजन्सी बुडाली होती. लोराटोचे कागद रद्द झाले होते. घरी फोन केलास तर पकडली जाशील, असं तिला कोणीतरी घाबरवलं होतं, आणि मग लाजही वाटायला लागली. “मी म्हटलं, चल. ती म्हणाली, एकदा गेले की परत येणं नाही, विचार करू दे. केनियाच्या दोन बायकांबरोबर राहते म्हणाली. खोली दाखव म्हटलं, तर नको म्हणाली.” तो थांबला. “सर, तुम्ही तिला पाहिलंत. ती खरं बोलत होती का?”

अतुलने एका ट्रकला मागे टाकलं.

“मला नको विचारूस,” तो म्हणाला. “आठवडाभर मी तुझ्याबद्दल काय काय समजत होतो, ते ऐकलंस तर माझं मत कशातच विचारणार नाहीस. तुझी बॅगसुद्धा उघडली मी.”

“माहीत आहे,” मोथुसी म्हणाला. “चेन पूर्ण लावली होती तुम्ही.”

अतुलचे कान तापले. मोथुसी मात्र बाहेर बघत शांतपणे म्हणाला, “माझ्या घरी कोणी असा आला असता आणि काही सांगितलं नसतं, तर मीही उघडली असती.”

शनिवारी तो गेला. ठरल्या दिवशी, ठरल्या विमानाने.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी सीमाच्या फोनवर अनोळखी नंबरवरून फोन आला. लोराटो होती. मोथुसीने नंबर दिला होता. थोडं इकडचं तिकडचं झालं आणि ती मुद्द्यावर आली.

“मॅडम, तुम्ही तिकडे गेला होतात. त्याच्या घरात कोण राहतं? एखादी बाई दिसली का?”

सीमाने डोळे मोठे करून फोन स्पीकरवर टाकला. अतुलने हातातला पेपर खाली ठेवला.

“आम्ही त्याचं घर पाहिलेलं नाही, लोराटो,” तो म्हणाला. “फक्त कॅम्प पाहिला. त्यामुळे ते मला नाही सांगता येणार. इथे तो कसा वागला, तेवढं सांगतो.” आणि त्याने सांगितलं. इस्त्रीचा शर्ट, उन्हातली पायपीट, पोलीस, आपण उत्तर द्यायला केलेला उशीर, काही न गाळता. पलीकडून मधूनमधून ‘हं’ एवढंच येत होतं.

ऑक्टोबरमध्ये तिने जायचं ठरवलं. विमानतळावर सोडायला अतुल आणि सीमाच गेले. आत जाताना ती म्हणाली, “कुठल्या विमानाने येतेय, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.”

“का गं?” सीमाने विचारलं.

“बघायचंय मला.”

घरी येईपर्यंत सीमा चुळबुळत होती. “एक मेसेज करू या का त्याला? बिचारा.”

“नको,” अतुल म्हणाला. “बघू दे तिला.”

तरी पुढचे तीन दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. चौथ्या दिवशी मोथुसीचा फोन आला. आवाज दमल्यासारखा.

“सर, लोराटो आली. तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“सांगितलं नाहीत.”

“तिने नको सांगितलं होतं.”

मागे कुठेतरी कपाटं उघडल्या-मिटल्याचे आवाज येत होते आणि एका बाईचा चढा सूर.

“आल्यापासून सगळं घर तपासतेय,” मोथुसी कुजबुजला. “पलंगाखालीसुद्धा पाहिलं. आता स्वयंपाकघरात आहे.”

“सापडलं काही?”

“घासायची भांडी सापडली,” तो म्हणाला. “बरीच आहेत. मी ठेवतो, सर. ती बोलावतेय.”